पार्सलचं पाप आणि २९ रुपयांचं झाड

प्रश्न : ताई, निलंगा तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. गाव निलंग्यापासून १४ किलोमीटर. यजमान निलंग्याला पतसंस्थेत आहेत, रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करतात. मला ऑनलाइन खरेदीची सवय लागली आहे, हे कबूल करते. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत घरात ७१ पार्सलं आली, त्यातली ११ परत पाठवली. हा हिशेब माझा नाही, आठवीतल्या मुलीचा आहे. शाळेत कार्बन उत्सर्जनावर प्रकल्प केल्यापासून तिनं त्यासाठी वहीच घातली आहे. पार्सलवाल्या मुलाच्या गाडीचा आवाज आला की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. मागच्या महिन्यात एका ॲपवर पैसे भरताना विचारणा आली, '२९ रुपये जास्त द्या, तुमच्या डिलिव्हरीचा कार्बन भरून काढण्यासाठी मराठवाड्यात एक झाड लावू.' तिनं परस्पर होकार दिला. त्याचं प्रमाणपत्र आता फ्रीजवर चिकटवलंय. तिचं म्हणणं, इथून पुढं प्रत्येक ऑर्डरला हे पैसे द्यायचेच. यजमान हसतात. सासूबाई म्हणतात, 'पाप धुवायला गंगाखेडला जाऊन गोदावरीत बुडी मारल्यावानी झालं की हे.' त्यात निलंग्याला माझ्या दिरांचं कापड दुकान आहे, त्यांचा राग वेगळाच. मला खरंच अपराधी वाटतं. द्यावेत का हे पैसे? भरून निघतं का त्यानं?
– एक वाचक, ता. निलंगा

उत्तर : सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांगा. माझं निम्मं काम त्यांनी एका वाक्यात करून ठेवलंय. आणि गंगाखेडला गेलेला माणूस निदान पाण्यात तरी उतरतो. तुमचे २९ रुपये कुठल्या मातीत उतरले हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसणार. काढून बघा, गावाचं नाव आहे का त्यावर? तेव्हा आधी उत्तर देऊन टाकते : प्रत्येक ऑर्डरला ते पैसे भरू नका. पण मुलीची वही बंद करू नका. पोरीनं मोजायला घेतलंय, हे लाखमोलाचं आहे. फक्त ती मोजतेय ती गोष्ट सगळ्यांत हलकी आहे.

वही घ्या आणि तिला शेजारी बसवा.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलचा आकडा २.३ किलो. आठवीतली मुलगी इथंच अडवेल, की लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग धूर सव्वादोन किलोचा कसा? अडवलंच पाहिजे तिनं. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वाढलेलं वजन त्या ऑक्सिजनचं. हे समजलं की पुढचा सगळा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे.

तुमचं पार्सल, समजा कुकरची रिंग, भिवंडीच्या गोदामातून निघालं असं धरू. भिवंडी ते लातूर पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर. मोठा ट्रक लिटरला चार किलोमीटर चालला तर सव्वाशे लिटर डिझेल लागलं, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. आकडा ऐकून धस्स होतं, पण त्या ट्रकमध्ये एकट्या तुमच्या कुकरची रिंग नसते. दहा टनांची गाडी असली तरी खोक्यांत निम्मी हवाच असते, म्हणून माल पाच टनच धरू. किलोभराच्या पार्सलच्या वाट्याला आले साठ-सत्तर ग्रॅम. लातूरहून निलंग्याला छोटा टेम्पो येतो, त्यात दोन-अडीचशे पार्सलं. त्याचे आणखी पस्तीस-चाळीस ग्रॅम.

आता निलंगा ते तुमचं गाव. जाऊन-येऊन २८ किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असं धरलं तर अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे १३०० ग्रॅम. भिवंडीहून लातूरपर्यंत सत्तर ग्रॅम, आणि निलंग्याहून तुमच्या दारापर्यंत तेराशे! मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा कुठंतरी शून्य चुकलं असं वाटून तीनदा तपासलं. चुकलेलं नव्हतं. ट्रक शेकडो किलोमीटर जातो पण हजारो पार्सलं घेऊन जातो. गाडीवरचा पोरगा एकट्या तुमच्यासाठी फाट्यावरून आत वळतो. त्याच्या पिशवीत त्या दिवशी गावातली दहा पार्सलं असतील तर तेच तेराशे ग्रॅम प्रत्येकी एकशे तीसवर येतात.

याच्यात खोक्याचे धरा दोनशे ग्रॅम. पुठ्ठा बनवायलाही ऊर्जा लागते. ढोबळमानानं जितका पुठ्ठा तितका कार्बन. मध्यंतरी मी स्वतः कुकरची रिंग मागवली होती, ती ज्या खोक्यातून आली त्यात उन्हाळ्यात मी कलिंगड ठेवत असे. दोनशे ग्रॅम मी फार सभ्यपणे धरलेत.

गाव लहान आहे, तेव्हा पोरगा एका खेपेला दोन-तीन पार्सलं आणत असणार असं समजून चालते. मग एका पार्सलचे होतात आठशे ग्रॅमच्या जरा वर. त्याला ७१ नं गुणा, परत गेलेल्या ११ पार्सलांची उलटी वारी मिळवा. वर्षाचे झाले पासष्ट किलोच्या आसपास. आकडा दहा-वीस किलोंनी इकडंतिकडं होईल, वाद घालत नाही.

पासष्ट किलो म्हणजे किती? तुमच्या स्वयंपाकघरात १४.२ किलोचं गॅस सिलिंडर आहे. ते संपेपर्यंत साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे अख्ख्या वर्षाची तुमची पार्सलं घरी येण्याचा धूर दीड सिलिंडरएवढा. सिलिंडरवाल्याच्या हाकेला तुमची मुलगी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, कारण सिलिंडर गरजेचं आहे आणि पार्सल ही चैन आहे, असं घरात सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलंय. अपराधी वाटण्याचं मूळ तिथं आहे. कार्बन त्याला चिकटलेलं नवीन नाव आहे.

म्हणून मुलीला वहीत एक रकाना वाढवायला सांगा : पार्सलात काय होतं?

जीन्सच्या एका नामांकित कंपनीनं, लेव्हायनं, आपल्याच पँटचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब काढला होता. कापूस पेरण्यापासून घरात धुण्यापर्यंत एका पँटमागे ३३.४ किलो निघाले. तुमच्या सगळ्या पार्सलांच्या वर्षभराच्या वाहतुकीतलं निम्मं एका पँटमध्ये! एक साधा स्मार्टफोन तयार होऊन हातात येईपर्यंत पन्नास ते ऐंशी किलो. सुती टी-शर्ट कितीही साधा म्हटला तरी दोन-चार किलोंच्या खाली येत नाही. पार्सल आणणारा धूर दिसतो, त्याचा आवाज येतो, तो गल्लीत वळतो. कपडे शिवणाऱ्या, रंगवणाऱ्या कारखान्याचा धूर तिरुपूरला नाहीतर बांगलादेशात राहतो. त्यामुळं दोष सगळा त्या फटफटीवाल्या पोराच्या माथी.

आणि त्या ११ परत पाठवलेल्यांचं काय झालं, हेही वहीत लिहायला हवं. परत गेलेला ड्रेस घडी घालून पुन्हा कपाटात जातो असं आपल्याला वाटतं. तसा जातोही कधीकधी. पण काही वेळा तो तपासणं, इस्त्री करणं, नवीन पिशवीत घालणं परवडत नाही, मग तो किलोच्या भावानं घाऊकवाल्याला जातो किंवा त्याहून वाईट जागी. तुमच्या अकरांपैकी कपडे किती होते? मला वाटतं, आठ तरी असतील. एकाच कुर्त्याचे दोन माप मागवायचे, बसेल तो ठेवायचा. खरं सांगा. मीही केलंय. त्यावर उपाय बिनपैशाचा आहे : अंगात नीट बसणारा एक कुर्ता जमिनीवर पसरून टेपनं छाती, खांदा, उंची मोजायची आणि ते आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचे. 'एम' आणि 'एल' यांवर विश्वास ठेवू नये, प्रत्येक कंपनीची 'एम' वेगळ्या बाईची असते.

आता २९ रुपयांकडे येते.

कार्बनची भरपाई विकली जाते ती क्रेडिटच्या रूपात. एक क्रेडिट म्हणजे एक टन. कुणीतरी कुठंतरी एक टन कार्बन हवेत जाण्यापासून वाचवला किंवा हवेतून ओढून घेतला, त्याची पावती तुम्ही विकत घेता आणि आपला एक टन फिटला म्हणता. उत्सर्जन कमी करण्यासाठीच्या १९९७ च्या क्योटो करारापासून हा व्यवहार देशादेशांत सुरू झाला. आपल्या राज्यातल्या सातारा-धुळ्याकडच्या पवनचक्क्यांनीही त्यात क्रेडिटं मिळवली. कल्पना वाईट नाही. अडचण एका प्रश्नात आहे : तुमचे पैसे आले नसते तर ते काम झालंच नसतं का? पवनचक्की नफ्यात चालणारच होती, जंगल तसंही कुणी तोडणार नव्हतं, तर तुमच्या पैशानं हवेतला एक ग्रॅमही हलला नाही, पावती मात्र फाटली. २०२३ च्या जानेवारीत 'द गार्डियन' आणि सोबतच्या वृत्तसंस्थांनी जगातल्या सगळ्यांत मोठ्या प्रमाणपत्र संस्थेच्या, व्हेराच्या, पावसाळी जंगलांच्या क्रेडिटांची छाननी छापली. तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिटं पोकळ असावीत असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हेरानं तो मान्य केला नाही, पण त्यांच्या प्रमुखांनी काही महिन्यांत पद सोडलं.

या बाजारात स्वस्तातलं क्रेडिट काही शे रुपयांना टन मिळतं. त्या भावानं तुमचं वर्षाचं पासष्ट किलोचं सगळं पाप पन्नास रुपयांच्या आत फिटतं. पैठणच्या बाजारात कुणी पन्नास रुपयांना पैठणी देऊ लागला तर आपण आधी ती उलटी करून बघतो ना? इथंही तेच करायचं.

तुमच्या ॲपनं तर क्रेडिटही विकलेलं नाही, झाड विकलंय. 'लावू' म्हणालेत. 'जगवू' म्हणालेत का? रोपवाटिकेत कडुनिंबाचं रोपच दहा-वीस रुपयांना पडतं. वर खड्डा, काटेरी कुंपण, शेळ्यांपासून राखण, आणि तीन उन्हाळे पाणी. हे २९ रुपयांत बसत असेल तर मला त्या माणसाचा पत्ता हवाय, माझ्या गल्लीतली कामं त्याला देते.

थट्टा करतेय पण अनुभवावरून करतेय. राज्यात २०१६ पासून दरवर्षी वाढत्या आकड्यांनी झाडं लावायची मोहीम निघाली होती. दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी. त्या उत्साहात आमच्या लातूरच्या कॉलनीतही एका मंडळानं मोकळ्या जागेत चाळीस रोपं लावली. फोटो निघाले, फलक लागला. ऑक्टोबरात पाऊस थांबला आणि मंडळही थांबलं. मी आणि समोरच्या वहिनींनी भांडी विसळलेल्या पाण्याच्या बादल्या घालून सहा रोपं धरून ठेवली. त्यातली तीन एका दुपारी शेळ्यांनी संपवली, एक वाळवी लागून गेलं. आज एक कडुनिंब आणि एक करंज आहे. फलक अजून आहे, त्यावर चाळीसच लिहिलंय. करंजाला गेल्या वर्षी पहिल्यांदा फुलं आली, तेव्हा वहिनींनी मला सकाळी सहाला दार वाजवून बोलावलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या हिशेबात त्या चाळीस झाडांनी वर्षाला आठशे किलो कार्बन ओढायला सुरुवात केली असेल. कारण 'एक झाड वर्षाला वीस किलो' असा आकडा सगळीकडे फिरतो. तो आकडा वाढलेल्या, पसरलेल्या झाडाचा आहे. काडीएवढं रोप पहिली दोन-तीन वर्षं जेमतेम स्वतःचं पान सांभाळतं. तुमच्या पार्सलचा धूर गेला तो गेल्या आठवड्यात. त्याची भरपाई करणारं झाड, जगलंच तर, तुमची मुलगी पदवीधर होईल तेव्हा कुठं कामाला लागणार. मधे ते तुटलं, पेटलं, रस्ता रुंदीकरणात गेलं, की जमा केलेलं सगळं पुन्हा हवेत.

आणि जागा कुठली, तर मराठवाडा! ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कुणीतरी शहरात बसून २९ रुपयांत रोप 'लावून' देतोय. आपल्या जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे, म्हणजे झाडं हवीत यात वादच नाही. सावलीसाठी, पाखरांसाठी, बांधावरची माती धरायला, चिंचेच्या नाहीतर सीताफळाच्या चार पैशांसाठी हवीत. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली ती माणसांनी तिथं राबून. पण झाड लावणं वेगळं आणि झाडाच्या नावानं खरेदीची पावती फाडणं वेगळं. दुसऱ्यात झाड नसलं तरी चालतं, हीच तर खोट आहे.

मुलीला पटत नसेल तर तिच्याकडूनच त्या ॲपला पत्र लिहून घ्या. मराठीत. झाड कोणत्या गावात, कोणत्या गटनंबरात लावलं? पाणी कोण घालतं, विहिरीचं की टँकरचं? तीन वर्षांनी किती जगली ते कोण मोजतं, आणि मेलेल्याच्या जागी दुसरं लावतात का? हेच झाड आणखी कुण्या कंपनीच्या किंवा सरकारी योजनेच्या यादीत आहे का? झाडाऐवजी क्रेडिट घेतलं असेल तर त्याचा अनुक्रमांक काय आणि ते माझ्या नावावर कायमचं रद्द केलंत का? रद्द हा शब्द मुद्दाम लिहा, कारण न रद्द केलेलं क्रेडिट पुन्हा विकता येतं, एकाच बैलाची दोन बाजारांत विक्री केल्यासारखं. सगळ्याची धड उत्तरं आली तर मला कळवा, मी या सदरातून माफी मागेन आणि स्वतः २९ रुपये भरेन.

पण तुमचा प्रश्न पैसे द्यावेत का एवढाच नव्हता. तुम्हाला तो पोरगा गल्लीत वळला की जे होतं, ते थांबायला हवंय. त्याचं औषध तुमच्याच घरात मोटारसायकलवर रोज निलंग्याला जातंय.

यजमान जाणारच आहेत, येणारच आहेत. पार्सलवर पत्ता पतसंस्थेचा घाला. तेराशे ग्रॅमचा तो शेवटचा तुकडा शून्यावर येतो. गाडीला एक पिशवी जास्त झाली तर पेट्रोल वाढत नाही. पतसंस्थेत पार्सलं येणं बरं दिसणार नाही, असं ते म्हणतील. हसायला येतं त्यांना, तर उचलायलाही यायला हवं. अगदीच नको म्हणाले तर फाट्यावरच्या किराणा दुकानाशी ठरवा. गावातल्या सगळ्यांची पार्सलं आठवड्यातून एक-दोन ठरलेल्या दिवशी तिथं उतरवायची. तुम्ही शाळेतल्या बाई आहात, तुम्ही सांगितलं तर गाव ऐकेल. त्या पोरालाही हे परवडेल. ही मुलं बऱ्याच ठिकाणी पार्सलमागे पैशांवर काम करतात आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालतात, म्हणजे तुमच्या एका रिंगसाठी केलेली २८ किलोमीटरची खेप त्याच्याच अंगावर बसते. मुलीला त्याच्या गाडीचा आवाज आला की उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायला सांगा. हे कार्बनच्या वहीत नाही बसणार, नाही बसलं तरी चालेल.

पैसे घरपोच द्यायचे ठरवून पार्सल मागवायचं आणि तो दारात आल्यावर 'नको' म्हणायचं, हे मात्र आजपासून बंद. तुम्ही करत असाल असं म्हणत नाही. पण गावोगावी होतं, आणि त्यात सगळे आकडे दुप्पट होऊन पोराच्या हाती काहीच पडत नाही. ॲपवर 'लवकर हवंय' आणि 'सावकाश चालेल' असा पर्याय आला तर सावकाश निवडा. विमानानं आलेल्या किलोभर मालाचा धूर ट्रकच्या दहापटीहून जास्त असतो. तसं आपल्याकडे 'उद्या' म्हणून सांगितलेलं परवाच्या परवा येतं, पण ते विमानातून उतरून मग रखडलेलं असू शकतं.

राहिले दीर. तुम्ही त्यांच्याबद्दल एकाच ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं सगळ्यांत जास्त तेच टोचतंय तुम्हाला. घरचं कापड दुकान असताना वहिनी मोबाइलवरून कुर्ते मागवते, आणि पार्सल देणारा पोरगा त्यांच्याच दुकानावरून जातो. निलंगा एवढं मोठं गाव नाही की त्यांना कळणार नाही. त्यांच्या दुकानातला कुर्ताही सुरतेहून नाहीतर इचलकरंजीहून ट्रकनंच येतो, तेव्हा कार्बनच्या नावानं त्यांची बाजू घेणार नाही. पण तिथं कपडा हातात घेऊन, अंगाला लावून बघता येतो, म्हणजे परत जाणाऱ्या आठ पार्सलांचा प्रश्न मिटतो. साड्या, शाळेचे गणवेश, पोरीचे रोजचे कपडे, ब्लाउजपीस त्यांच्याकडून घ्या. भाव करायला लाजू नका. जे त्यांच्याकडे नाहीच, पुस्तकं, रिंगा, शाळेसाठीचं प्रयोगाचं साहित्य, ते बिनधास्त मागवा, आणि तेही त्यांना सांगून. लपवून मागवलेलं पार्सल फार जड असतं. त्यांच्याच दुकानाचा पत्ता पार्सलवर घालावा असं मला क्षणभर सुचलं होतं, पण ऑनलाइन मागवलेला कुर्ता दिरांच्या गल्ल्यावर येऊन पडलेला डोळ्यांसमोर आला आणि मी ती ओळ खोडली.

पैसे कुठंतरी द्यायचेच असं मुलीचं मत असेल तर ७१ ऑर्डरी गुणिले २९, म्हणजे दोन हजार एकोणसाठ रुपये वर्षाचे होतात. छोटी रक्कम नाही. त्यात तुमच्या शाळेच्या आवारात काही झाडांना लोखंडी जाळ्या बसतील किंवा घरातले दोन जुने पंखे कमी विजेच्या पंख्यांनी बदलायला सुरुवात होईल. छपरावर सौर पॅनेल बसवायचं घरात आधीपासून चाललं असेल तर तेही बघा. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. एका किलोवॅटचं पॅनेल आपल्या उन्हात वर्षाला तेरा-चौदाशे युनिट वीज देतं, आणि आपली बहुतेक वीज अजून कोळशाची असल्यानं त्यातून टनभराच्या आसपास कार्बन वाचतो. पार्सलांच्या पासष्ट किलोंपुढं हा आकडा मांडून दाखवा मुलीला, तिची वही कुठं वळवायची ते तिचं तिलाच कळेल.

फ्रीजवरचं प्रमाणपत्र काढू नका. ते तिनं मनापासून घेतलंय आणि २९ रुपये काही परत येणार नाहीत. फक्त त्याखाली तारीख टाकून ॲपचं उत्तर कधी येतं ते लिहायला जागा ठेवा.

शाळेत झाडं लावायची ठरली तर एक विचारायचं राहिलं. आवारात बोअर आहे की हापसा, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बोअर असेल तर मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, मोटर कोण चालू करणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, ते आधी ठरवा. खड्डे त्यानंतर खणा.